नव्या संगणक इमारतीसाठी वीज किती मागायची?

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठात संगणक विभागाची नवी इमारत होऊ घातली आहे आणि इमारत समितीत मला बसवलंय. मी अल्गोरिदम शिकवतो. विजेबद्दलचं माझं ज्ञान घरचा फ्यूज बदलण्यापुरतं. पण समितीत "संगणकाचं तुम्हालाच कळतं" असं म्हणून विजेच्या मागणीचा कागद माझ्यापुढे सरकवला आहे आणि पुढच्या बैठकीत त्यावर सही करायची आहे.

चार मजले, एकूण साधारण ६००० चौरस मीटर. सहा प्रयोगशाळा, प्रत्येकीत ५० संगणक. दोनशे माणसं बसतील इतकी कार्यालयं. तळमजल्यावर मशीन रूम. सल्लागाराने चौरस मीटरला ६० वॅट धरून ३६० किलोवॅट काढले, मशीन रूमसाठी वर १०० किलोवॅट दिले आणि "भरपूर आहे" म्हणाला. आमचं आत्ताचं क्लस्टर (एकत्र जोडून चालवलेले सर्व्हर) १२ रॅकचं, म्हणजे १२ कपाटांचं आहे, ५५ किलोवॅटच्या आसपास खातं. त्यात आठ-आठ जीपीयूचे (जड गणितासाठीच्या चिप) सहा सर्व्हर नव्याने घ्यायचे आहेत.

भरपूर आहे का खरंच? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोटी मुद्दाम नाही.)

उंटावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

न्यूट्रल

सही करू नका.

तुमचा सल्लागार पूर्ण चुकलेला नाही, आणि घोळ तिथेच आहे. क्षेत्रफळावरून काढलेला आकडा उरलेल्या इमारतीला ठीक बसतो. साध्या प्रयोगशाळेतला संगणक आणि पडदा मिळून १५० वॅट धरा. पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेले ५००-७५० वॅट धरू नका, ती पॉवर सप्लायची कमाल क्षमता असते. पाच प्रयोगशाळांचे झाले साडेसदतीस किलोवॅट. सहावी ग्राफिक्सवाली असेल तर तिथे माणशी ६०० वॅट, म्हणजे एकटीचे ३०. कार्यालयांचे १८-२०, दिव्यांचे ३५-४०, वर वातानुकूलन, लिफ्ट, पंप. सगळं मिळून ३२०-३६० मध्ये बसतं.

आता मशीन रूम. तुमचे नवे सर्व्हर एनव्हिडियाच्या डीजीएक्स एच१०० च्या जातीचे असतील तर त्या एका पेटीची कमाल मागणी १०.२ किलोवॅट आहे. सहा पेट्यांचे ६१. जुने ५५ धरून ११६. शंभर किलोवॅट उद्घाटनाच्या दिवशीच संपले, आणि अजून थंड करण्याची वीज आणि यूपीएसमधला तोटा धरलेला नाही. तो धरून १.४ ने गुणा, १६० च्या वर जातं.

खोलीचं क्षेत्रफळ आणि खोलीतली वीज यांचा संबंध आता उरलेला नाही. एनिअॅक १९४५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभा राहिला तेव्हा सुमारे १५० किलोवॅट घ्यायचा आणि त्याला अख्खं दालन लागायचं. आज ७२ जीपीयूचा एक द्रवशीतित (पाणी फिरवून थंड केलेला) रॅक सव्वाशे किलोवॅटच्या घरात जातो आणि कपाटाएवढ्या जागेत उभा राहतो. चौरस मीटरने मोजणार कसं?

बॅकबेंचर

भाबडा प्रश्न: कमाल १०.२ असली तरी सगळ्या मशीन एकदम कमाल थोड्याच घेतात? डायव्हर्सिटी फॅक्टर नावाचं काहीतरी शिकवलं होतं, सगळा भार एकदम येत नाही म्हणून बेरजेला ज्याने गुणायचं ते.

न्यूट्रल

प्रश्न भाबडा नाही. कार्यालयात डायव्हर्सिटी मिळते, कारण माणसं वेगवेगळ्या वेळी येतात, चहाला जातात, बैठकीत बसतात. प्रयोगशाळेत ती जवळजवळ शून्य: तास सुरू झाला की पन्नासही संगणक एकाच मिनिटाला चालू होतात. क्लस्टरवर तर उलटाच प्रकार. रांगेत कामं थांबलेली असतात, मशीन रिकामी ठेवणं हाच गुन्हा समजतात. शोधनिबंधाची अंतिम तारीख सगळ्यांची एकच असते. तेव्हा तिथे १ धरा.

रात्रपाळी

+१. आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगतो, संस्था कुठली ते विचारू नका. नवं क्लस्टर आलं, दोन महिने रोजची कामं झकास चालली, मीटरवर सत्तर टक्के. मग स्वीकृती चाचणी म्हणून रात्री लिनपॅक (यंत्रांना पूर्ण ताकदीने राबवणारी चाचणी) लावलं, सगळ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या सगळ्या संगणकांवर, एकदम. अकराव्या मिनिटाला अर्धी खोली अंधारात.

नंतर शोधलं तेव्हा कळलं ते असं. प्रत्येक रॅकला दोन बाजूंनी वीज होती, अ आणि ब. दोन्ही बाजू साठ-साठ टक्के भरलेल्या. कागदावर "दुहेरी पुरवठा" लिहिलेलं, सगळे खूश. अ बाजूचा ब्रेकर थोडा कुरकुरला आणि पडला. त्याचा सगळा भार ब वर गेला, ब १२० टक्क्यांवर, तोही पडला. दुहेरी पुरवठा म्हणजे दुप्पट वीज नव्हे, हे आम्ही असं शिकलो. कुठलीही बाजू ४० टक्क्यांच्या वर जाऊ लागली की फोनवर संदेश यायला हवा. ३२ अँपिअरच्या थ्री-फेज पट्टीतून ४०० व्होल्टला २२ किलोवॅट मिळतात. दोन पट्ट्या लावल्या तरी रॅक २२ चाच, ४४ चा नाही. खरेदी करणाऱ्यांच्या गळी हे उतरवायला मला दोन वर्षं लागली.

ओळंबा

वास्तुरचनाकार म्हणून माझे दोन पैसे. वीज किती लागेल हा प्रश्न तुम्ही विचारताय. मी तुमच्या जागी असतो तर जागा किती लागेल हे विचारलं असतं. ट्रान्सफॉर्मर नंतर आणता येतो, केबल नंतर ओढता येते. पण ट्रान्सफॉर्मरला ओटा नाही, केबलला शाफ्ट (मजल्यांमधून वर जाणारी उभी पोकळी) नाही, काँक्रीटमध्ये पाइप सोडलेले नाहीत, तर आणणार कुठून? इमारत पन्नास वर्षं उभी राहते आणि सर्व्हर पाच वर्षांत भंगारात जातो. पुढच्या दहा पिढ्यांचे सर्व्हर कसे असतील ते मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक पिढीला भिंतीतून एक भोक लागणार हे नक्की.

म्हणून समितीत भांडायचं असेल तर रिकाम्या गोष्टींसाठी भांडा. बाहेरच्या उपकेंद्रापासून इमारतीपर्यंत जमिनीखालून जेवढे पाइप आज लागतात तेवढेच आणखी, आत नायलॉनची दोरी टाकून, तोंडं बंद करून. शाफ्टमध्ये अर्धी जागा मोकळी, आणि तिथे कुणी झाडू-बादल्या ठेवणार नाही असं कुलूप. एक रिकामा ओटा. यांचा खर्च काँक्रीट ओतण्याआधी नगण्य असतो, नंतर भिंत फोडायची वेळ आली की कळतो.

आणखी एक, हे प्रत्येक वेळी विसरलं जातं. ट्रान्सफॉर्मर आत कसा गेला ते सगळ्यांना आठवतं, बाहेर कसा येईल ते कुणी विचारत नाही. काही टनांची वस्तू आहे. तिच्या वाटेतली दारं, वळणं, तिथल्या जमिनीची ताकद नकाशावर वेगळ्या रंगात काढून मागा. बॅटऱ्या आणि द्रवशीतित रॅक यांनाही तेच लागू. त्या ७२ जीपीयूवाल्या रॅकचं वजन सव्वा टनाच्या वर भरतं.

आणि विजेची खोली तळघरात देऊ नका. न्यूयॉर्कला ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा एका विद्यापीठ रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं आणि राखीव वीजही गेली. तीनशेवर रुग्ण रात्रीतून जिन्यांवरून खाली उतरवावे लागले. जनरेटर वर ठेवले तरी इंधनाच्या टाक्या आणि पंप खाली राहिले, तर वरच्या जनरेटरचा काय उपयोग?

मधलीसुट्टी

बाप रे. धन्यवाद सगळ्यांना. आमची विजेची खोली तळघरातच दाखवली आहे. त्या मजल्याला नकाशात "निम्न तळमजला" म्हटलंय, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

उंटावरचा

आता शहाणपण शिकवतो. मशीन रूम हवीच कशाला? इमारतीत माणसं ठेवा, मशीन दुसरीकडे. मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्ड, एमआयटी, बॉस्टन, नॉर्थईस्टर्न आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ अशा पाच जणांनी मिळून होल्योक गावात एकच संगणन केंद्र उभं केलं, २०१२ पासून चालू आहे. गावात नदीच्या पाण्यावरची वीज मिळते म्हणून तिथे गेले. शहरातल्या महागड्या जमिनीवर आवाज करणारी, गरम हवा ओकणारी खोली बांधायची, तिच्यासाठी ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), चोवीस तास माणूस. आणि हे सगळं प्रत्येक विभागाला आपापलं हवं! संशोधक क्लस्टरवर लॉगिन करतो तेव्हा ते खालच्या मजल्यावर आहे की शंभर किलोमीटरवर, त्याला काय फरक पडतो?

रात्रपाळी

@उंटावरचा, मोठ्या मशीनबाबत सहमत. पण मशीन रूम पूर्ण काढून टाकली की काय होतं तेही पाहिलंय.

दूरच्या केंद्रात जागा मिळवायला अर्ज करावा लागतो, मंजुरीला महिने लागतात. तोवर संशोधक स्वतःच्या अनुदानातून चार जीपीयूची पेटी आणतो आणि टेबलाखाली ठेवतो. दीड-दोन किलोवॅट, चोवीस तास. म्हणजे खोलीत कायमचा हीटर. शेजारचा दुसरी आणतो. दोघे एकाच सर्किटवर. मग एमसीबी पडतो, मग एक्स्टेन्शन बोर्डवर एक्स्टेन्शन बोर्ड, मग खोली तापते म्हणून एक सुटा एसी, तोही त्याच सर्किटवर. एका विभागात मी टेबलाखालच्या अशा १९ पेट्या मोजल्या. मशीन रूम नाही म्हणून वीज वाचली नव्हती, ती जिथे नको तिथे पसरली होती.

तेव्हा इमारतीत छोटी पण नीट खोली हवी. विद्यार्थ्यांना हात लावून शिकता येईल अशी काही यंत्रं, नेटवर्कचा गाभा आणि टेबलाखालच्या राक्षसांना यायला जागा.

न्यूट्रल

दोघांचंही बरोबर, आणि म्हणूनच समितीत आकडा मागण्याआधी मर्यादा ठरवा. "या इमारतीत संगणनासाठी इतके किलोवॅट, त्यावरचं बाहेर" असं लेखी असू दे. ती मर्यादा ठरवताना हे बघा: एनव्हिडियाच्या व्ही१०० चं कार्ड २०१७ साली ३०० वॅटचं होतं, ए१०० २०२० साली ४०० चं, एच१०० २०२२ साली ७०० चं, आणि २०२४ साली जाहीर झालेलं बी२०० हजार वॅटचं. सात वर्षांत तिपटीच्या वर. तुमची इमारत कागदावरून जमिनीवर यायला चार-पाच वर्षं घेणार. आज ज्या यंत्रासाठी आराखडा करताय ते उद्घाटनाला जुनं झालेलं असेल.

मी असं मांडेन. पाच वर्षांनी ४० किलोवॅटचे आठ रॅक आणि किरकोळ ५०, मिळून ३७०. थंड करणं आणि तोटा धरून ४८०. इमारतीचे ३६० मिळवा, ८४०. ट्रान्सफॉर्मर केव्हीएत मोजतात, म्हणून पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाचा वाटा) ०.९५ ने भागलं की ८८५ केव्हीए. म्हणजे १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, एक बंद पडला तर दुसरा सगळं ओढेल असे, आणि तिसऱ्याला ओटा रिकामा.

आता एक बारीक गोष्ट, सल्लागाराला हीच विचारा म्हणजे तो सरळ बसेल. ४०० व्होल्टवर १००० केव्हीए म्हणजे १४४३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (आतला अडथळा) ६ टक्के असेल तर शॉर्ट सर्किट झाल्यावर सुमारे २४ हजार अँपिअर वाहतात. दोन ट्रान्सफॉर्मर जोडून चालवले तर ४८ हजार. मुख्य पॅनेल ३६ किलोअँपिअरचं, म्हणजे शॉर्ट सर्किटचे ३६ हजार अँपिअर सोसणारं, घेतलं असेल तर आज काही होणार नाही. पण उद्या कुणीतरी "भार वाटून घेऊ" म्हणून मधला कपलर (दोन्ही बाजू जोडणारा स्विच) जोडेल, तेव्हा पॅनेलच्या जिवावर बेतेल. एक तर पॅनेल ५० चं घ्या, नाहीतर दोन्ही बाजू एकत्र होऊच नयेत असं यांत्रिक इंटरलॉक घ्या. हे नंतर बदलता येत नाही, अख्खं पॅनेल बदलावं लागतं.

आणि पुरवठा कंपनीकडे मागणीपत्र उद्या टाका. त्यांच्या वरच्या उपकेंद्रात जागा नसेल तर तुमची इमारत तयार होऊन बसेल आणि वीज नंतर येईल.

बॅकबेंचर

@न्यूट्रल, तुमच्या नावावरून आठवलं. संगणकांमुळे न्यूट्रलची तार तापते म्हणतात, ते काय प्रकरण आहे? तिन्ही फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात ना?

न्यूट्रल

नाव सार्थकी लागलं! खोडतात, पण सेकंदाला ५० आवर्तनांचे मूळ प्रवाहच. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गुळगुळीत ओढत नाही, प्रत्येक लाटेच्या शेंड्यावर घोट घेतल्यासारखी ओढतो. त्यातून तिसरं हार्मोनिक (मूळ लाटेच्या तिप्पट वेगाची लाट) तयार होतं, १५० आवर्तनांचं. तिन्ही फेज एकमेकांपासून १२० अंशांवर. त्याची तिप्पट ३६०, म्हणजे तिन्हींची तिसरी हार्मोनिकं एकाच तालावर येतात. ती न्यूट्रलमध्ये खोडली जात नाहीत, बेरीज होते. फार वाईट परिस्थितीत न्यूट्रलमधला प्रवाह फेजच्या पावणेदोनपट होऊ शकतो. आणि जुन्या इमारतींत न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीची टाकलेली असायची. काटकसर!

आता मोठे सर्व्हर बरेच सभ्य झालेत, त्यांच्या सप्लायमध्ये प्रवाह सुधारणारं सर्किट असतं. गंमत अशी की हार्मोनिकवरचं आंतरराष्ट्रीय बंधन ७५ वॅटच्या खालच्या उपकरणांना, दिवे सोडून, लागूच होत नाही. त्यामुळे छोटे मिनी-संगणक, पडदे, चार्जर यांनी भरलेली प्रयोगशाळा, वीज कमी खाऊनही, न्यूट्रलला जास्त छळते. प्रयोगशाळांच्या फीडरला (मुख्य केबलला) न्यूट्रल पूर्ण जाडीची, जमल्यास दुप्पट, असं लिहून घ्या. ट्रान्सफॉर्मर के-फॅक्टरचा, म्हणजे हार्मोनिकं सोसेल असा, मागा.

रात्रपाळी

प्रयोगशाळांचा विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं दुखणं. दर सोमवारी सकाळी आमच्या एका प्रयोगशाळेची अर्धी वीज जायची. वायरमन यायचा, आरसीसीबी (अर्थिंगमध्ये वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वर करायचा, "आता ठीक आहे" म्हणायचा. दोन सत्रं हेच चाललं. संगणक बदलले, केबल तपासली, उंदीर शोधले. दोष कुठेच नव्हता!

प्रत्येक संगणकाच्या सप्लायमध्ये फिल्टर असतो, तो थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडतो. एका संगणकाचा पाऊण-एक मिलिअँपिअर. काहीच नाही. पण एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर २० संगणक आणि त्यांचे पडदे जोडले की वीसच्या घरात जातं. आणि ती वस्तू ३० ला पडायची असली तरी नियमाने १५ नंतर कधीही पडू शकते. सोमवारी सगळं एकदम चालू व्हायचं, धक्का बसायचा, पडायची. शेवटी एका आरसीसीबीवर आठच संगणक असं वाटून दिलं. त्यानंतर एकदाही नाही.

हे आराखड्यातच सांगा. सर्किटची संख्या वाढते म्हणून ठेकेदार कुरकुर करेल. करू दे.

दुसरं, वीज जाऊन परत आली की पन्नास संगणक एकाच क्षणी उठतात आणि तो सुरुवातीचा झटका साध्या एमसीबीला झेपत नाही. सी किंवा डी वक्राचे, म्हणजे क्षणिक झटक्याला न पडणारे, एमसीबी घ्या. बायोसमध्ये "वीज आल्यावर बंदच राहा" असं ठेवा, मग नेटवर्कवरून दहा-दहा करून उठवा.

थंडगार

उशिरा आलो, तोवर सगळे विजेवरच बोलताय. ती वीज जाते कुठे? प्रत्येक वॅटची उष्णताच होते. दोनशे किलोवॅटचं संगणन म्हणजे ५७ टनांचं शीतकरण, पंखे-पंपांचं वेगळं.

आणि ४० किलोवॅटचा रॅक हवेने थंड करायचा विचार असेल तर आधी हिशोब करा. आत-बाहेरच्या हवेत १२ अंशांचा फरक धरला तर किलोवॅटला तासाला २५० घनमीटर हवा लागते. चाळीसला दहा हजार. एका कपाटातून! शेजारी उभं राहिलात तर विग उडेल. तेच पाण्याने केलं तर १० अंशांच्या फरकाला मिनिटाला ५७ लिटर पुरतं, म्हणजे बोटभर जाडीच्या नळ्या. म्हणून आज हवेवर चालवायचं असलं तरी मशीन रूमपर्यंत पाण्याच्या पाइपांची वाट, निचरा आणि गळतीचे सेन्सर आत्ताच ठेवा. ओळंबा म्हणतात ते भोक माझ्यासाठीही काढा.

मुख्य मुद्दा मात्र वेगळा. यूपीएसवर सर्व्हर असतात, चिलर नसतो. वीज गेली, जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत आला, सगळे टाळ्या वाजवतात. पण कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, त्याला पुन्हा उठायला काही मिनिटं लागतात. तोवर सर्व्हर यूपीएसवर आरामात चालू आणि खोली तापत असते. पाणी थेट चिपवर फिरवत असाल तर काही मिनिटंही मिळत नाहीत, पंप थांबला की चिप सेकंदांत स्वतःला बंद करते. तेव्हा पंप आणि खोलीतले पंखे यूपीएसवर घ्या, आणि थंड पाण्याची एक टाकी मध्ये ठेवा. ही वीज यूपीएसच्या हिशोबात कुणी धरत नाही.

अवांतर: फिनलंडमध्ये कायानी इथल्या लुमी महासंगणकाची उष्णता गावातली घरं गरम करायला देतात, गावाच्या गरजेच्या सुमारे २० टक्के. तुमच्याकडे वसतिगृह जवळ असेल तर गरम पाण्याचा विचार करून ठेवा.

मधलीसुट्टी

@थंडगार, यूपीएस नेमका कशाकशाला द्यायचा? समितीत एकाने "सगळ्या इमारतीला द्या" म्हटलं, दुसऱ्याने "लॅपटॉपला बॅटरी असतेच, कशाला हवा?" म्हटलं.

रात्रपाळी

मी उत्तर देतो. दोघेही चूक. संगणकाचा सप्लाय २० मिलिसेकंदांचा खंड स्वतःच झेलतो, त्यापुढे मदत लागते. नेटवर्क, साठवण, मशीन रूम, दारांची कुलुपं, शीतकरणाचे पंप: यूपीएस आणि जनरेटर दोन्ही. प्रयोगशाळेच्या संगणकांना यूपीएस नको, परीक्षा तिथे होत असतील तर एकाच प्रयोगशाळेला द्या. आणि क्लस्टरच्या गणन करणाऱ्या नोडना? मी तर म्हणतो जनरेटर देऊच नका. यूपीएसवर पाच मिनिटं, तेवढ्यात काम डिस्कवर जतन करून नीट बंद. हवामानाचा अंदाज किंवा रुग्णालय चालवत नसाल तर गणित दोन तास उशिरा झालं म्हणून काही बिघडत नाही. यात जनरेटरचा आकार निम्मा होतो.

न्यूट्रल

याला दहा पैकी दहा. जनरेटर लहान ठेवताना एक सांभाळा: हलक्या भारावर सर्व्हरचे सप्लाय किंचित लीडिंग पॉवर फॅक्टर (प्रवाह व्होल्टेजच्या पुढे) दाखवतात आणि जनरेटरला तो सोसत नाही, व्होल्टेज वर चढून बंद पडतो. जनरेटर चालू असताना कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेली) आपोआप सुटायला हवी.

ओळंबा

बॅटऱ्या कुठे ठेवणार ते मात्र कुणी सांगितलं नाही. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात सप्टेंबर २०२५ मध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सहाशेवर सरकारी सेवा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची अख्खी साठवण, ८५८ टेराबाइट, गेली; तिची दुसरी प्रत नव्हती. बॅटऱ्या आणि सर्व्हर एकाच खोलीत होते. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला मार्च २०२१ मध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं केंद्र जळालं, तिथे सगळी वीज एका ठिकाणाहून तोडायची सोयच नव्हती, अग्निशमन दलाला वाट पाहावी लागली.

बॅटरीची खोली वेगळी, बाहेरच्या भिंतीला लागून, दोन तास आग रोखणाऱ्या भिंतींची. तिच्यावर वर्गखोली नको. आणि ती थंड ठेवा: साध्या लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य दर ८-१० अंशांना अर्धं होतं.

रात्रपाळी

आणि आणीबाणीत वीज तोडण्याचं ते लाल बटण दाराशेजारी लावू नका. आमच्याकडे एका पाहुण्याने ते दार उघडण्याचं बटण समजून दाबलं. दार उघडलं नाही.

उंटावरचा

=)) =))

मधलीसुट्टी

मंडळी, बैठक झाली. आधी चांगलं सांगतो.

दरम्यान मी जुन्या इमारतीच्या मुख्य फीडरवर महिनाभर लॉगर (वीज मोजून नोंदवणारं यंत्र) लावून घेतला होता. त्यात एक परीक्षेचा आठवडा आला. दिवसाची कमाल मागणी सल्लागाराच्या अंदाजाच्या खालीच होती, पण पहाटे तीन वाजता, इमारतीत पहारेकऱ्याशिवाय कुणी नसताना, दिवसाच्या निम्म्याहून अधिक वीज चालू होती. हा आलेख पडद्यावर लावला आणि "चौरस मीटर" हा शब्द त्यानंतर कुणी काढला नाही. सल्लागारही मोकळा माणूस निघाला. म्हणाला, मला मशीनची यादी कुणी दिलीच नव्हती. खरं आहे, ती आम्हीच दिली नव्हती.

विजेची खोली तळघरातून वर आली, त्यासाठी उपाहारगृह मागे सरकलं. त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. ट्रान्सफॉर्मर दोन, ओटे तीन. पॅनेल ५० किलोअँपिअरचं. पाइप दुप्पट. मशीन रूमला ३७० किलोवॅटची मर्यादा लेखी, त्यावरचं बाहेरच्या केंद्रात. गणन नोडना जनरेटर नाही, यावर दोन प्राध्यापक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता अडचण. कुलगुरूंना मशीन रूमला प्रवेशद्वाराकडून काचेची भिंत हवी आहे, पाहुण्यांना दिवे लुकलुकताना दिसावेत म्हणून. पश्चिमेकडे तोंड करून.

थंडगार

पश्चिमेची काच? दुपारच्या उन्हाचे किती किलोवॅट आत येतील ते काढून देतो, काचेचं माप पाठवा. आतल्या बाजूला दुसरी भिंत घालून मधे फूटभर मोकळी जागा ठेवली तर पाहता येईल आणि खोलीही वाचेल. द्रवशीतित रॅक आले की मात्र दिवे फारसे दिसणार नाहीत, नळ्याच दिसतील, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

ओळंबा

आणि त्या भिंतीच्या मागून पुढे कधी रॅक आत न्यायचा असेल तर काच काढता येणारी घ्या. दाराची रुंदी विसरलात का विचारायला आलो होतो.

मधलीसुट्टी

विसरलो होतो. आज संध्याकाळीच विचारतो.